रिओ ग्रांदेवर मोठ्या ट्राउटसाठी: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

दक्षिण अमेरिकेत मोठ्या ट्राउटसाठी (थंड पाण्यातला मासा) फ्लाय फिशिंगला, म्हणजे पिसा-धाग्यांच्या नकली किड्याने (फ्लाय) मासेमारी करायला, जायचं ठरलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, रॉड (गळाची काठी) कुठला घेऊ? तो प्रश्न थोडे दिवस बाजूला ठेवा. आधी नदी ठरवा, मग महिना, मग कागदपत्रं, मग वाऱ्यात कास्ट टाकायचा, म्हणजे रॉडने लाइन (दोर) लांब फेकायचा, सराव, आणि सगळ्यात शेवटी सामान. या प्रवासाला पैसा आणि रजा दोन्ही भरपूर लागतात, आणि नदीवर जे घडतं त्यातलं निम्मं घरीच ठरलेलं असतं.

हा लेख मुख्यतः एका नदीबद्दल आहे: अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाला, तिएरा देल फुएगो बेटावरची रिओ ग्रांदे. ही नदी चिलीच्या बाजूला उगम पावते, गवताळ माळरानातून वळणं घेत पूर्वेकडे येते आणि तिच्याच नावाच्या शहराजवळ अटलांटिकला मिळते. ट्राउट इथला मूळचा मासा नाही. १९३५ साली जॉन गुडॉल यांनी चिलीतल्या पुएर्तो माँतहून ब्राउन ट्राउटची अंडी आणून इथल्या उपनद्यांमध्ये सोडली. त्यातले काही मासे समुद्रात उतरले, तिथल्या खाण्यावर पोसले आणि अंडी घालायला पुन्हा नदीत परतले. आज तिथे चार किलोच्या आसपासचा मासा नेहमीचा आहे, आणि दहा किलोच्या पुढचे मासेही दर हंगामात गळाला लागतात. समुद्रातून येणाऱ्या ब्राउन ट्राउटसाठी जगात या नदीचं नाव सगळ्यात आधी घेतलं जातं.

१. नदी ठरवताना स्वतःला तीन प्रश्न विचारा

मला एकच पण फार मोठा मासा हवा आहे, की दिवसभर मासे लागत राहायला हवेत? मला वारा सोसेल का? पाण्यावर तरंगणाऱ्या ड्राय फ्लायवर मासा वर येताना बघायचा आहे, की खोल पाण्यातून फ्लाय ओढत न्यायची तयारी आहे?

पहिल्या प्रश्नाला ‘एकच पण मोठा’ असं उत्तर असेल तर रिओ ग्रांदे. समुद्राळू ट्राउटचाच अनुभव थोड्या कमी खर्चात हवा असेल तर मुख्य भूमीवर, सांता क्रूस प्रांतातली रिओ गायेगोस बघा. प्रचंड रेनबो ट्राउट हवे असतील तर त्याच प्रांतात बेसॉल्टच्या उजाड पठारावर लागो स्त्रोबेल हे तळं आहे. पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारीक जिवांवर तिथले रेनबो अफाट वाढतात आणि बारांकोसो या छोट्या नदीत चढतात. तिथे पोचायचा रस्ता मात्र गाडीची आणि पाठीची परीक्षा घेतो.

आणि ड्राय फ्लाय, झाडी, मागे बर्फाचे डोंगर असं चित्र मनात असेल तर यातलं काहीच निवडू नका. उत्तरेला नेउकेन प्रांतात जा. मायेओ आणि चिमेउइन या नद्या त्यासाठीच आहेत. तिथले मासे सरासरीने लहान, पण नवख्या हाताला त्या कितीतरी जास्त शिकवतात. रिओ ग्रांदेवर झाडं नाहीत, आडोसा नाही, आणि एकही मासा न लागता अख्खा दिवस जाऊ शकतो. हे वाचूनही तिथेच जावंसं वाटत असेल तर पुढे वाचा.

२. महिना

हंगाम ढोबळमानाने नोव्हेंबर ते एप्रिल. समुद्रातून येणाऱ्या माशांसाठी खरे महिने जानेवारी ते मार्च. जानेवारीत पाणी जास्त असतं, मासे संख्येने कमी पण चांदीसारखे लखलखीत आणि ताकदवान असतात. फेब्रुवारीत नदीत मासे भरपूर. मार्चमध्ये थंडी वाढते, पाणी उतरतं, माशांचा रंग तपकिरी होऊ लागतो. गर्दी कमी असते आणि वाराही काही दिवस दम घेतो.

पहिल्या खेपेला मी फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा सुचवेन. तारखा पक्क्या करताना भरतीचं कोष्टक जरूर बघा. या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतला फरक फार मोठा असतो, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाबरोबर नव्या माशांचा लोंढा नदीत शिरतो. कोकणातल्या वाचकांना उधाणाचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

३. कागदपत्रं

भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्यांची सगळ्यात जास्त दमछाक इथेच होते. निदान चार महिने आधी सुरुवात करा.

- पासपोर्ट, प्रवासानंतरही सहा महिने वैध असलेला.
- अर्जेंटिनाचा पर्यटक व्हिसा. महाराष्ट्र-गोव्यातल्या लोकांसाठी मुंबईत वाणिज्य दूतावास आहे. अमेरिकेचा वैध पर्यटक व्हिसा असलेल्या भारतीयांना वेगळ्या व्हिसाशिवाय प्रवेश देण्याचा निर्णय अर्जेंटिनाने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केला. तुमच्याकडे तो असला तरी तिकीट काढण्याआधी सध्याचा नियम दूतावासाकडून लेखी घ्या.
- बँकेचा तपशील, आयकर विवरणपत्रं, नोकरीच्या ठिकाणचं रजेचं पत्र, हॉटेल किंवा लॉजचं आरक्षण. लॉजकडून स्पॅनिशमध्ये एक निमंत्रणपत्र मागून घ्या. बहुतेक लॉज ते आनंदाने देतात.
- पीतज्वराच्या लसीचं पिवळं प्रमाणपत्र. अर्जेंटिना ते मागत नाही म्हणून लोक दुर्लक्ष करतात. पण भारताच्या पीतज्वरग्रस्त देशांच्या यादीत अर्जेंटिना आहे, ब्राझील आणि इथिओपियाही आहेत. परत येताना मुंबई विमानतळावर हे कार्ड नसेल तर विलगीकरणात ठेवलं जाऊ शकतं. लस फक्त सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. साठीच्या पुढच्यांनी आणि अंड्याची ॲलर्जी असलेल्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं.
- प्रवास विमा. दुर्गम जागेवरून रुग्णाला हलवण्याचा खर्च आणि मासेमारी हा खेळ, या दोन्ही गोष्टी त्यात धरलेल्या आहेत का, हे पॉलिसी उघडून वाचा.
- मासेमारीचा परवाना. तो दिवसाचा, आठवड्याचा किंवा हंगामाचा मिळतो आणि परदेशी माणसाला महाग पडतो. पॅटागोनियाच्या (अर्जेंटिना-चिलीचा दक्षिणेकडचा प्रदेश) दुसऱ्या प्रांतात काढलेला परवाना तिएरा देल फुएगोत चालेलच असं धरून चालू नका. त्या वर्षीचे नियम बघा. लॉजमध्ये राहणार असाल तर ‘परवाना किमतीत धरला आहे का?’ हा प्रश्न ईमेलवर विचारा, म्हणजे उत्तरही लेखी राहतं.

४. तिथवर पोचणं

मुंबईहून ब्वेनोस आइरेसला थेट विमान नाही. आखाती देश, युरोप किंवा आदिस अबाबा-साओ पावलो असा मार्ग पडतो. आंतरराष्ट्रीय विमानं एसेइसा विमानतळावर उतरतात. देशांतर्गत विमानं बरीचशी शहरातल्या आएरोपार्केहून सुटतात. दोन्हींमधलं अंतर वाहतुकीत तासा-दीड तासाचं होतं. त्याच दिवशी पुढचं विमान पकडायची हाव धरू नका. एक रात्र शहरात काढा. सामान मागे राहिलं असेल तर ते येऊन पोचायलाही तेवढा वेळ मिळतो.

तिथून रिओ ग्रांदे शहर विमानाने साडेतीन तासांवर आहे. देशांतर्गत विमानात सामानाची मर्यादा आंतरराष्ट्रीय विमानापेक्षा कमी असते, जादा वजनाचे पैसे हाताशी ठेवा.

नकाशा पाहून फसणाऱ्यांसाठी एक इशारा. ‘रिओ गायेगोसपर्यंत विमानाने जाऊ आणि पुढे बसने बेटावर’ हा बेत सोपा दिसतो. पण मुख्य भूमीवरून तिएरा देल फुएगोच्या अर्जेंटिनी भागात जायचा रस्ता चिलीतून जातो; मध्ये मॅगेलनची सामुद्रधुनी फेरीबोटीने ओलांडावी लागते. म्हणजे चिलीच्या प्रवेशाची वेगळी सोय हवी आणि अर्जेंटिनात दुसऱ्यांदा शिरायची परवानगीही हवी. शिवाय चिलीच्या सीमेवर फळं, मांस, मध, बिया यांची तपासणी अतिशय कडक असते. बॅगेतले शेंगदाणे आणि खारकासुद्धा अर्जात लिहा. लिहिलं तर फार तर जप्त होतील, लपवलं तर दंड.

५. लॉज, गाइड की स्वतःच?

अर्जेंटिनात नदीचं पाणी सार्वजनिक आहे, आणि २०१५ पासून लागू झालेल्या नागरी संहितेप्रमाणे नौकानयनयोग्य नद्यांच्या काठचा १५ मीटरचा पट्टा मोकळा ठेवावा लागतो. हे वाचून लोक खूश होतात. अडचण काठापर्यंत पोचण्याची आहे. रिओ ग्रांदेच्या दोन्ही बाजूंना एस्तान्सिया, म्हणजे मेंढ्यांची अवाढव्य खाजगी कुरणं आहेत, आणि त्यांच्या फाटकातून आत जायला परवानगी लागते. चांगले टप्पे लॉजकडे करारावर आहेत.

म्हणून तीन वाटा उरतात. एक, लॉजमधला आठवडा: राहणं, जेवण, गाडी, गाइड सगळं धरून, खर्च सहा-सात हजार अमेरिकी डॉलरच्या पुढेच. दोन, शहरात राहून काही दिवसांसाठी स्थानिक गाइड. बराच स्वस्त, पण नदीचे टप्पे मर्यादित. तीन, स्वतःच गाडी घेऊन सार्वजनिक जागांवर. पहिल्या खेपेला तिसरी वाट मी कुणालाच सुचवणार नाही. इथला मासा नदीच्या मोजक्याच डोहांमध्ये थांबतो आणि ते डोह ओळखायला स्थानिक डोळा लागतो.

पैसे भरण्याआधी लॉजला विचारा: एका गाइडबरोबर किती जण? नदीचा खालचा टप्पा की वरचा? वारा किंवा पूर यामुळे दिवस गेला तर काय? शाकाहारी असाल तर तेही आताच कळवा. या मुलुखात जेवण म्हणजे निखाऱ्यावर भाजलेलं कोकरू. आधी कळवलं तर भाज्या, अंडी, पास्ता याची चांगली सोय होते. आयत्या वेळी सांगितलं तर बटाट्यावर आठवडा काढावा लागतो.

६. घरी करायचा सराव

कुठलंही महागडं सामान याची जागा घेऊ शकत नाही.

तिएरा देल फुएगोत ताशी ४० ते ६० किलोमीटरचा वारा ही रोजची गोष्ट आहे. शांत हवेत तीस मीटर कास्ट टाकणारा माणूस तिथे पंधरा मीटरवर येतो. म्हणून सरावाला मुद्दाम वाऱ्याचा दिवस निवडा. जून-जुलैत सड्यावर किंवा एखाद्या धरणाच्या मोकळ्या काठावर जा, गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधा आणि चारही दिशांच्या वाऱ्यात कास्ट टाका. आठवड्यातून तीनदा अर्धा तास पुरे.

दोन हातांचा रॉड वापरणार असाल, आणि वापरावा असंच माझं मत आहे, तर स्पे कास्टचा, म्हणजे लाइन मागे न उडवता पाण्यावरूनच वळवून फेकण्याचा, एक नियम अंगात मुरू द्या. वारा प्रवाहाच्या दिशेने वाहत असेल तर लाइनचा फास तुमच्या प्रवाहाखालच्या बाजूला घ्या: डबल स्पे किंवा स्नेक रोल. वारा प्रवाहाच्या उलट असेल तर फास वरच्या बाजूला: सिंगल स्पे किंवा स्नॅप-टी. फास नेहमी वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला राहिला की गळ तुमच्या तोंडावर येत नाही. रिओ ग्रांदे पूर्वेकडे वाहते आणि वारा बहुतेक पश्चिमेचा, त्यामुळे डबल स्पे जास्त लागतो. पण नदी इतकी वळते की अर्ध्या तासात सगळं उलटं होऊ शकतं. दोन्ही खांद्यांवरून जमायला हवं.

खऱ्या पाण्यावरचा सराव हिमाचलमधल्या तीर्थन खोऱ्यात करता येतो. राज्याच्या मत्स्य विभागाचा परवाना काढा, आणि ऑक्टोबर संपायच्या आत जा, कारण १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर तिथे ट्राउटची बंदी असते. तिथला मासा लहान आहे, पण थंड वाहत्या पाण्यात पाय रोवून उभं राहायची सवय तिथेच लागते.

७. सामान

- दोन हातांचा १२.५ ते १३.५ फुटी, ७ किंवा ८ वजनाचा रॉड (हा लाइनच्या वजनाचा क्रमांक, किलो नव्हे). जोडीला एका हाताचा ७-८ वजनाचा. मोडला तर गावात दुसरा मिळेल या भरवशावर राहू नका.
- चांगल्या ब्रेकचं रील, १५० मीटर तरी बॅकिंग (लाइनच्या मागची जादा दोरी).
- वेगवेगळ्या वेगाने बुडणाऱ्या टिपा (लाइनची पुढची टोकं). फ्लाय कुठली, यापेक्षा ती किती खोल गेली हे इथे जास्त महत्त्वाचं.
- टिपेट (फ्लाय बांधायचा शेवटचा बारीक धागा) १२ ते १६ पौंड ताकदीचा. बुडणाऱ्या टिपेवर लीडर (लाइन आणि फ्लाय यांमधला धागा) आखूड ठेवा, मीटर-सव्वा मीटर.
- फ्लाय: दिवसा, पाणी उतरलेलं असताना रबराच्या पायांच्या लहान निंफ (पाण्यातल्या अळ्यांसारख्या फ्लाय), संध्याकाळी काळ्या लीच, वूली बगर, सनरे शॅडो. शंभर प्रकार नेऊ नका.
- श्वास घेणारे वेडर्स (पाण्यात उभं राहायची जलरोधक विजार), कमरेचा पट्टा, रबरी तळाचे बूट. फेल्टच्या तळाचे बूट घरीच ठेवा; त्याचं कारण शेवटच्या टप्प्यात आहे.
- लोकरीचे आतले कपडे दोन जोड, वाऱ्याला दाद न देणारं जॅकेट, बोटं उघडी राहणारे हातमोजे, कानटोपी.
- पोलराइज्ड चष्मा, आणि संध्याकाळसाठी साध्या काचेचा दुसरा. चष्म्याशिवाय इथे एकही कास्ट टाकू नका.
- कोऱ्या करकरीत डॉलरच्या नोटा आणि तिथल्या तिरप्या पट्ट्यांच्या सॉकेटचा ॲडॉप्टर.

गळ आणि फ्लायचे डबे चेक-इन सामानात टाका. रॉड केबिनमध्ये चालेल का ते विमान कंपनीला आधी विचारा.

८. पाण्यावर

दिवस दोन भागांत विभागलेला असतो: सकाळचे काही तास, मग जेवण आणि झोप, मग संध्याकाळ ते अंधार पडेपर्यंत. जानेवारीत सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. दुपारी झोपायला कंटाळा करू नका. मोठे मासे कातरवेळेला हलतात, आणि नेमका तेव्हाच दमलेला माणूस ढिले कास्ट टाकत असतो.

पद्धत साधी आहे. डोहाच्या वरच्या टोकाला उभे राहा. पलीकडच्या काठाकडे, किंचित खाली, तिरपा कास्ट टाका. लाइन वरच्या बाजूला उचलून सैल सोडा म्हणजे फ्लाय बुडेल. मग ती प्रवाहातून कमानीत तुमच्या बाजूला येऊ द्या. पूर्ण आली की दोन-चार वेळा हळू खेचा. एक पाऊल खाली सरका. पुन्हा तेच. लाइन थोडी थोडी वाढवत नेण्यापेक्षा लांबी एकच ठेवून पावलं टाका, म्हणजे डोहाचा प्रत्येक हात विंचरला जातो.

समुद्रातून आलेला हा मासा नदीत फारसं खात नाही. तो भुकेने नव्हे, चिडून किंवा जुन्या सवयीने फ्लाय धरतो. म्हणून त्याच डोहातून तीनदा गेलात आणि काही झालं नाही तर डोह रिकामा आहे असं समजू नका. फ्लायचा आकार बदला, खोली बदला, वेग बदला, आणि चौथ्यांदा जा.

झटका जाणवला की रॉड वर उचलू नका. हिमालयातल्या ट्राउटवर लागलेली ही सवय इथे मासा घालवते. रॉड खालीच ठेवून लाइन हाताने मागे खेचा, वजन भरलं की मग रॉड बाजूला वळवा. मासा पळाला तर पळू द्या. उडी मारली तर रॉड झुकवा.

नदीचा तळ गोट्यांचा आहे, चालायला फार अवघड नाही. तरी पाय न उचलता सरकवत चला, पट्टा आवळलेला ठेवा, आणि कोरलेल्या काठाच्या कडेवर उभे राहू नका.

९. मासा सोडणं

हे मासे आयुष्यात अनेकदा समुद्रात जातात आणि अनेकदा परततात. आज तुम्ही नीट सोडलेली चार किलोची मादी काही वर्षांनी आठ किलोची होऊन येऊ शकते. ही नदी एवढी मोठी राहिली ती सोडलेल्या माशांमुळे.

एकेरी गळ वापरा आणि त्याचा उलटा काटा पकडीने दाबून टाका. असा गळ तुमच्या कानात रुतला तरी सहज निघतो. जाळी रबराची हवी. हात आधी ओले करा. कल्ल्यांना बोट लावू नका, माशाला वाळूवर ओढू नका. फोटो हवा असेल तर कॅमेरा तयार होईपर्यंत मासा पाण्यातच ठेवा. मग काही सेकंद वर, आणि परत पाण्यात. शेपटीच्या बुंध्याला धरून तोंड प्रवाहाकडे करा. तो स्वतः झटका देऊन निघेपर्यंत हात सोडायचा नाही. वजनकाट्याला लटकवण्यापेक्षा लांबी आणि घेर मोजा, गाइड त्यावरून वजन सांगतो.

१०. निघताना आणि परतल्यावर

दिदिमो नावाचं एक सूक्ष्म शेवाळ २०१० मध्ये पॅटागोनियाच्या नद्यांमध्ये आढळलं. ओल्या बुटांवरून, वेडर्सवरून, जाळीवरून ते एका नदीतून दुसरीत जातं आणि तळाचे दगड जाड, करड्या गालिच्याखाली झाकून टाकतं. फेल्टच्या तळात ते ओलं राहून दिवसेंदिवस जगतं, म्हणून फेल्ट नको. नदी बदलताना प्रत्येक वेळी तीन गोष्टी करा: चिखल-शेवाळ काढा, पाच टक्के मिठाच्या पाण्यात बूट आणि वेडर्स भिजवून चोळा, आणि पूर्ण वाळल्यावर आणखी ४८ तास कोरडे ठेवा. काही ठिकाणी तपासनाके आणि निर्जंतुकीकरणाची प्रमाणपत्रंही असतात. ती जपून ठेवा.

बक्षिसी देण्याची पद्धत आहे. गाइडला आणि स्वयंपाकघरातल्या लोकांना वेगळी द्या, शेवटच्या दिवशी, रोख.

घरी आल्यावर सामान पुन्हा एकदा मिठाच्या पाण्यातून काढा, लाइन धुऊन सैल गुंडाळा, बूट उन्हात कडकडीत वाळवा. तीर्थनला किंवा काश्मीरला तेच बूट घालून जाणार असाल तर हे काम कंटाळा न करता कराच. आपल्या ओढ्यांमध्ये तो गालिचा पसरला तर तो काढायचा उपाय कुणाकडेच नाही.